झाडांचा कार्बन मोजण्यात आयुष्य घालवावं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इंदूरला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी चालू आहे, पुढं झाडं आणि कार्बन याच विषयात काम करायचंय, पण घरचे म्हणतात यात पोट भरत नाही. त्यातच वडिलांच्या देपालपूरच्या सहा एकरांपैकी चार एकरांत निलगिरी लावायला सांगणारा एक माणूस आलाय. दर चार वर्षांनी तो जळणासाठी लाकूड उचलणार आणि वर ‘कार्बनचे पैसे’, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनचा मोबदलाही मिळवून देणार. तुला विचारायचंय की जंगलाचा अभ्यास करू की ऊर्जेसाठीच्या लागवडीचा, आणि बाबांनी त्या माणसाला काय सांगावं. वयानं मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

माझ्या मते दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन अडतात. झाडानं धरलेला कार्बन कोण मोजणार, कसा मोजणार आणि किती वर्षं मोजत राहणार? हे समजलं की शेताचं उत्तर सापडतं आणि हा व्यवसाय आपल्याला झेपेल का तेही कळतं. काही गोष्टी मात्र तुलाच ठाऊक असणार. घरचा संसार त्या चार एकरांवर किती चालतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, पाच-सहा वर्षं शिष्यवृत्तीवर काढायची तुझी तयारी आहे का, हे मला इथून दिसत नाही.

माझी सुरुवात टेपपासून झाली. तीस वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या सागाच्या जंगलात एक हेक्टरचा चौकोन आखून मी झाडांचे घेर घ्यायला लागले. छातीच्या उंचीवर, म्हणजे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे जमिनीपासून १.३७ मीटरवर. घेर, उंची आणि लाकडाची घनता समीकरणात घातली की जैवभार, म्हणजे झाडाचं कोरडं वजन, निघतो. समज, घेर ९४ सेंटीमीटर आहे, म्हणजे व्यास ३०. उंची १५ मीटर. साग असेल आणि घनता ०.६ धरली, तर उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी सर्रास वापरतात त्या समीकरणानं जमिनीवरचा कोरडा जैवभार साधारण ४४० किलो येतो. त्याच घेराची, त्याच उंचीची सावर असेल तर घनता ०.३३ च्या आसपास, आणि वजन भरतं २४५ किलो. कोरड्या लाकडात साधारण ४७ टक्के कार्बन. म्हणजे त्या सागात २०७ किलो कार्बन झाला, आणि ३.६७ नं गुणलं की साधारण ७६० किलो कार्बन डायऑक्साइड. ‘एक झाड वर्षाला इतके किलो कार्बन खातं’ असा एकच आकडा कुणी सगळ्या झाडांना लावला की मी आधी विचारते, कुठलं झाड, किती वर्षांचं, कुठल्या मातीत?

पुढच्या वर्षी मी शंभरेक झाडांना डेंड्रोमीटर पट्ट्या बांधल्या. खोडाभोवती धातूची पातळ पट्टी आणि टोकाला स्प्रिंग असते. खोड फुगलं की पट्टी सरकते आणि ते सरकणं मोजता येतं. मे महिन्यात बऱ्याच सागांचा घेर चक्क कमी झालेला दिसला. मला वाटलं पट्ट्या ढिल्या झाल्या असणार. दोन दिवस एकेक पट्टी तपासली, सगळ्या जागच्या जागी होत्या. बरोबर गावातले एक काका यायचे, ते म्हणाले, “गर्मी में पेड़ भी सिकुड़ता है, मैडम.” जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि आठवड्यात घेर तीन-तीन मिलिमीटरनी वाढले. त्यातलं बहुतेक पाणी होतं. साल आणि बाहेरचं ओलं लाकूड उन्हाळ्यात सुकतं, पावसात पुन्हा भरतं. मी एप्रिल-मेच्या अखेरीला एकदा आणि जुलैत एकदा टेप लावून त्या फरकाला वाढ म्हटलं असतं, तर पाण्याला कार्बन म्हणून छापलं असतं. तेव्हापासून मी कुठल्याही झाडाची वर्षाची वाढ एकाच महिन्यात, एकाच खुणेवर मोजलेली असल्याशिवाय मानत नाही.

झाडाच्या वरचं हे झालं. खाली मातीतही श्वसन चालू असतं, मुळांचं आणि सूक्ष्मजीवांचं. ते मोजायला जमिनीत पीव्हीसीची कडी रोवतात, तिच्यावर झाकण ठेवतात आणि आत कार्बन डायऑक्साइड किती वेगानं साठतो ते बघतात. माझी पहिली कडी माळव्यातल्या काळ्या जमिनीत रोवलेली होती. मार्चपर्यंत आकडे ठीक आले, एप्रिलमध्ये ते अचानक पडले. गुडघे टेकून बघितलं तर जमीन भेगाळून कडीच्या बाजूनं बोटभर फट पडली होती आणि वायू तिथून निसटत होता. तुझ्या वडिलांच्या शेतातली मातीही हीच. उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडतात, पावसात फुगून मिटतात. वालुकामय जमिनीवर बसवलेली पद्धत इथं तशीच उचलून चालत नाही, आणि हे कुठल्या पुस्तकानं मला आधी सांगितलं नव्हतं.

मग मनोऱ्याचं काम आलं. फ्लक्स टॉवर म्हणजे जंगलाच्या शेंड्यांच्या वर जाणारा लोखंडी मनोरा. त्यावरचा एक वारामापक सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याची दिशा आणि वेग टिपतो, आणि त्याच वेगानं एक यंत्र हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. वर जाणाऱ्या झुळुकीत वायू जास्त की खाली येणाऱ्या, याचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशोब लावला की जंगल त्या वेळात घेतंय की देतंय ते कळतं. मध्य प्रदेशातच बैतूलकडच्या साग-मिश्र जंगलात असा मनोरा आहे, त्यावरचं काम नक्की वाच. आपल्या सागाच्या जंगलात वर्ष कसं सरकतं हे मनोऱ्यावर डोळ्यांदेखत दिसतं. एप्रिलमध्ये साग उघडा, माती कोरडी, त्यामुळं घेणंही थोडं आणि देणंही थोडं. जूनच्या पहिल्या सरीला मातीतले सूक्ष्मजीव जागे होतात आणि पानं फुटायच्या आत जंगल एकदम भसाभस कार्बन सोडतं. ज्या मृद्गंधाला आपण छाती भरून श्वास घेतो, नेमका त्याच वेळी यंत्राचा आलेख वर उडालेला असतो. खरी कमाई पुढं, पानं भरल्यावर आणि ढग विरळ झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तीही बिनशर्त नाही. काही वर्षी नेमक्या त्याच दिवसांत अळी पडते आणि सागाच्या पानाचा हिरवा भाग खाऊन शिरांची नुसती जाळी ठेवते. उन्हाकडं धरलेलं ते पान जुन्या लेसच्या रुमालासारखं दिसतं. अशा वर्षीच्या मोजणीवरून जंगल कमी घेतं असं लिहिलंस तर चूक, आणि ते वर्ष वगळलंस तर त्याहून मोठी चूक.

रात्रीची गोष्टही सांगते, कारण तिथं भलेभले फसतात. रात्री वारा पडला की जंगलानं सोडलेला वायू वर न जाता उताराच्या कडेनं वाहून जातो. मनोऱ्यावरच्या यंत्राला तो दिसतच नाही. त्या शांत रात्री जशाच्या तशा धरल्या तर जंगल आहे त्यापेक्षा जास्त कार्बन साठवताना दिसतं. म्हणून कुठल्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे ठरवण्यात या कामाचा निम्मा वेळ जातो.

या विषयात मोठं काम केलेल्यांकडं बघ. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली तेव्हा आकडा दहा लाखांत ३१५ च्या आसपास होता, आज तो ४२० च्या वर आहे. ही वाढ निर्विवाद ठरली ती मोजणी मध्ये न सोडल्यामुळं. आपल्याकडं तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात १९८८ पासून ५० हेक्टरांचा तुकडा आहे. त्यात एक सेंटीमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोडाला क्रमांक आहे आणि दर चार वर्षांनी सगळी पुन्हा मोजली जातात. इंदूरला १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लागली. तिथंही कार्बनचा जाणकार पहिला प्रश्न हाच विचारेल की पाचव्या आणि दहाव्या वर्षी त्यातली किती उभी आहेत, त्यांचे घेर किती आणि ते वहीत कोण उतरवतंय. तसं काम तुझ्या घरापासून तासाभरावर आहे, हे लक्षात ठेव.

आता ऊर्जेची लागवड. कल्पना अशी की वेगानं वाढणारं झाड लावायचं, तीन-पाच वर्षांनी बुंध्यापासून कापायचं, खोडव्यासारखे फुटवे येऊ द्यायचे, पुन्हा कापायचं. युरोपात यासाठी विलो आणि पॉप्लर लावतात, आपल्याकडं निलगिरी, सुबाभूळ, बांबू. लाकूड जाळल्यावर निघालेला कार्बन पुढच्या फुटव्यात परत येतो, म्हणून हे इंधन ‘कार्बननिरपेक्ष’ म्हणून विकलं जातं. मी सरसकट विरोधात नाही. पण आधी तिथं काय होतं, यावर सगळं ठरतं. २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं की वर्षावन, दलदलीची जमीन, गवताळ रान मोडून जैवइंधनाची पिकं घेतली तर त्या इंधनानं वर्षाला जेवढं उत्सर्जन वाचतं त्याच्या १७ ते ४२० पट कार्बन आधीच हवेत गेलेला असतो. आधी कर्ज काढायचं आणि पिढ्यान् पिढ्या फेडत बसायचं, असा तो व्यवहार.

तुमचं शेत जंगल नाही, सोयाबीन-गव्हाचं रान आहे, त्यामुळं कर्ज एवढं मोठं नाही. तरी हिशोब कर. समज, निलगिरीनं वर्षाला एकरी चार टन कोरडं लाकूड दिलं. चार वर्षांनी १६ टन, मग तोड, मग शून्यापासून. म्हणजे सरासरीनं शेतात उभं आहे आठ टन लाकूड, त्यात पावणेचार टन कार्बन. आणि मातीत? सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तर वरच्या ३० सेंटीमीटरांतच एकरी सुमारे आठ टन. दिसणाऱ्या झाडांच्या दुप्पट कार्बन पायाखाली आहे आणि त्याबद्दल तो माणूस बहुतेक काहीच बोलला नसेल. लागवडीपूर्वी खोल नांगरट आणि काही फेऱ्यांनंतर यंत्रानं खुंट उपटणं, यात मातीतलं किती जातं ते करारात येतच नाही. उभ्या लाकडाच्या कार्बनचे पैसेही न्यायानं एकदाच मिळायला हवेत, कारण पहिल्या फेरीनंतर सरासरी साठा वाढत नाही. खरं श्रेय आहे ते वाचलेल्या कोळशाचं, आणि तेसुद्धा लाकूड खरोखर कोळशाच्या जागी जळलं तर. वाळलेल्या लाकडात किलोमागं सुमारे १८ मेगाज्यूल ऊर्जा असते. निम्मं पाणी असलेल्या ओल्या लाकडात ती आठवर येते. म्हणून लाकूड ओलं तोलणार की वाळलेलं, हे करारात लिहून घ्यायला सांग. भाव तिथंच बुडतो.

पाण्याचं मी जास्त गांभीर्यानं घेते. १९९० मध्ये शेजारच्या देवासला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं होतं, तुझ्या बाबांना आठवत असेल. निलगिरी बारा महिने हिरवी राहते ती खालची ओल ओढून, साग मात्र उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवतो. विहिरीजवळच्या भारी जमिनीत चार एकर सलग निलगिरी मी माझ्या भावालाही लावू दिली नसती.

एक जुनी जखमही सांगते. २००३ मध्ये रतनजोतच्या, म्हणजे जट्रोफाच्या, बियांपासून डिझेल काढायची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, खताशिवाय भरपूर बी येईल असं सांगितलं गेलं. आमच्या भागात एका सल्लागारानं शेतकऱ्यांना रोपं विकली आणि मी पाहणीला जायचे. झाडं जगली, पानंही छान आली, पण बी मूठभर. पाण्याशिवाय झाड जगणं आणि पाण्याशिवाय पीक देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रोपांच्या किमतीएवढ्या पैशात आधी लहान तुकड्यावर कळलं असतं. तिसऱ्या वर्षी एका आजोबांनी माझ्यासमोर कुदळीनं सगळी ओळ उपटली आणि एक शब्द बोलले नाहीत. मी मोजणीची वही तशीच बंद केली. तुझ्या प्रश्नात त्या माणसाबद्दल वाचलं आणि मला तेच शेत आठवलं.

बाबांना माझा सल्ला: चार एकर नाही. बांधावर आणि मुरमाड कोपऱ्यात अर्धा एकर लावून बघा, त्यात बांबूही धरा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिलेला नाही, त्यामुळं तोडणीचा त्रास कमी. बाकी झाडांच्या तोडणी-वाहतुकीचे नियम प्रत्येक जातीला वेगळे, ते वनविभागाच्या कचेरीत आधी विचारा. आणि त्या माणसाला तीन गोष्टी लेखी मागा. साठा कोण तपासणार, किती वर्षांचं बंधन, आणि आग लागली किंवा भाव पडला तर नुकसान कुणाचं. याची उत्तरं तोंडी आली तर सही नको. ऊर्जेसाठी प्रत्येक वेळी नवी जमीन लागतेच असंही नाही. इंदूरच्या देवगुराडियाला २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, एक एकरही पिकाखालून न काढता. माळव्यात दर एप्रिलमध्ये नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेलं गव्हाचं काड, जाळतात, तिच्यातही ऊर्जा आहे. मात्र शेतातलं सगळं काड उचललं तर मातीचा कर्ब उतरतो, म्हणून किती उचलायचं आणि किती ठेवायचं यावर अभ्यास हवाय. तो तू करू शकतेस.

आता पोटाचं. घरचे चुकीचं बोलत नाहीत. पहिली सहा-सात वर्षं तंगीची असतात आणि प्रकल्पांतल्या जागा दोन-तीन वर्षांच्या असतात. पण दारं आहेत. सीएसआयआर-नेट किंवा गेटमधला इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा पेपर देऊन संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, भोपाळची मृदा संस्था, झाशीची कृषिवानिकी संस्था, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, डेहराडूनचं वन सर्वेक्षण, या सगळ्यांना झाड आणि आकडे दोन्ही येणारी माणसं लागतात. कार्बन प्रकल्पांची तपासणी करणाऱ्यांनाही लागतात. वनस्पतिशास्त्राच्या मुलांचं जिथं अडतं ते संख्याशास्त्र आणि संगणकावरचं विश्लेषण. ते आत्ताच शिकून घे. वर्षातल्या साडेसतरा हजार अर्ध्या तासांचा आलेख हातानं काढता येत नाही.

जंगल की लागवड, यात मी सांगेन की आधी जंगल. निदान दोन पावसाळे नैसर्गिक जंगलात काढ. धावडा, मोह, तेंदू, सालई, प्रत्येकाची पानं टाकायची वेळ वेगळी, मुळं वेगळी, लाकूड वेगळं. हे बघितलेलं असलं की एकाच जातीच्या रांगांमध्ये काय नाही ते लगेच जाणवतं. थेट लागवडीतून सुरुवात केलेल्या माझ्या काही हुशार विद्यार्थ्यांना ती जाण यायला फार वर्षं लागली. पीएचडीला मात्र लागवड घ्यायला हरकत नाही, पुढच्या वीस वर्षांत निर्णय तिथंच व्हायचे आहेत.

सुरुवात कॉलेज संपेपर्यंत थांबवू नकोस. शेताच्या बांधावरची वीस झाडं निवड, बाभूळ, कडुनिंब, जे असेल ते. १.३७ मीटरवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढ, पाऊस पडायच्या आत घेर घे, आणि पुढं दर महिन्याच्या एक तारखेला. बाबांनी कोपऱ्यात काहीही लावायचं ठरवलं तर रोपं यायच्या आधी सहा ठिकाणची माती काढ, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर वेगळी, ठरलेल्या मापाच्या लोखंडी कडीनं, म्हणजे वजनावरून घनताही निघेल. त्यातली निम्मी तपासायला दे, निम्मी वाळवून बरणीत तारीख लिहून ठेव. ऑक्टोबरपर्यंतचे आकडे जमले की मला कळव. इंदूरजवळच्या राळामंडळ टेकडीच्या पायथ्याशी भेटू आणि डेंड्रोमीटर पट्टी कशी बांधायची ते हातात हात धरून शिकवते.